ज्वारीचं पोतं आणि दहशतवाद्यांची यादी : सोमालिया, २००८ ते २०१२

प्रकरण कशाचं

२० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियातल्या दोन भागांत, दक्षिण बकूल आणि लोअर शबेले इथे, दुष्काळ जाहीर केला. मराठीत हा शब्द जरा फसवतो. पाऊस पडला नाही तरी आपण दुष्काळ म्हणतो आणि माणसं अन्नावाचून मेली तरी दुष्काळच म्हणतो. इथे पाऊस न पडण्याला अवर्षण म्हणू आणि दुष्काळ हा शब्द दुसऱ्या अर्थासाठी राखून ठेवू. त्याला मोजमाप आहे: दर पाच घरांतल्या एका घरात अन्नाची टोकाची टंचाई, तीस टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित आणि दर दहा हजारांमागे रोज दोनपेक्षा जास्त मृत्यू. तिन्ही आकडे ओलांडले की मगच तो शब्द वापरायचा. म्हणजे तो उच्चारला जातो तेव्हा माणसं मरून झालेली असतात.

त्या वर्षी अवर्षण केनियात होतं, इथिओपियातही होतं. दुष्काळ मात्र सोमालियात पडला, आणि तोही मुख्यतः अल-शबाब या संघटनेच्या ताब्यातल्या मुलखात. फरक आभाळात नव्हता. तिथे पोहोचणारी मदत आधीच्या दोन वर्षांत जवळजवळ आटली होती. ती आटण्यामागे अल-शबाबची बंदूक होती आणि मदत देणाऱ्या देशांचे दहशतवादविरोधी कायदेही होते. यातल्या बंदुकीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. या लेखाचा भर कायद्यांवर आहे.

अधिकाऱ्यांची, आरोपींची किंवा मदतकार्य करणाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. हे निर्णय एकेकट्या माणसाचे नव्हते. त्या खुर्चीवर दुसरं कोणी असतं तरी बहुधा तेच झालं असतं, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायचं.

पार्श्वभूमी

१९९१ साली सियाद बारे यांची राजवट कोसळल्यावर सोमालियात मध्यवर्ती सरकार असं उरलंच नव्हतं. २००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या आघाडीने मोगादिशू ताब्यात घेतलं, त्याच वर्षाच्या अखेरीस इथिओपियाचं सैन्य आत शिरलं आणि ती आघाडी फुटली. तिची तरुणांची लढाऊ शाखा म्हणजे अल-शबाब. परकी फौजेविरुद्ध लढणारे म्हणून त्यांचं वजन वाढलं. जानेवारी २००९ मध्ये इथिओपियन सैन्य परतलं तोवर दक्षिण आणि मध्य सोमालियाचा बहुतेक भाग त्यांच्या हातात जात होता. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं हंगामी सरकार आफ्रिकी संघाच्या सैनिकांच्या आडोशाला राजधानीतल्या काही वस्त्या धरून बसलं होतं.

२००८ च्या सुरुवातीला अमेरिकेने अल-शबाबला परदेशी दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. यामागची भीती काल्पनिक नव्हती. मिनेसोटातले सोमाली वंशाचे तरुण तिकडे लढायला जात होते आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांच्यातल्या एका अमेरिकी नागरिकाने आत्मघाती स्फोट घडवला. पुढे ११ जुलै २०१० रोजी फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला जमलेल्या गर्दीत युगांडातल्या कंपाला इथे स्फोट झाले, सत्तरहून अधिक माणसं गेली. वॉशिंग्टनमध्ये बसून 'अल-शबाबबाबत जरा सैल घेऊ' असं म्हणायची सोय कुणाला उरली नव्हती.

यादीत नाव गेल्याचा कायदेशीर अर्थ काय, हे नीट समजून घ्यायला हवं. अमेरिकी कायद्यानुसार अशा संघटनेला जाणूनबुजून 'भौतिक साहाय्य' देणं हा गुन्हा होता आणि त्याला त्या काळी पंधरा वर्षांपर्यंत कैद होती. हेतू चांगला असला तरी सुटका नाही. जून २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हा कायदा व्यापक अर्थानेच उचलून धरला. भौतिक साहाय्याच्या व्याख्येतून दोन गोष्टी वगळल्या आहेत: औषधं आणि धार्मिक साहित्य. अन्न वगळलेलं नाही. म्हणजे अल-शबाबच्या हाती चुकून औषधाची पेटी पडली तर हरकत नाही, पण पोतं पडलं तर वकील गाठायचा.

अडचण

दक्षिण सोमालियात ट्रक हलवायचा तर वाटेत नाके लागत. प्रत्येक नाक्यावर पैसे. अल-शबाबने तर परदेशी संस्थांवर देखरेख करणारं स्वतंत्र कार्यालयच थाटलं होतं. नोंदणीसाठी काही संस्थांकडून दहा हजार डॉलरपर्यंत शुल्क मागितलं जाई, वर अटी. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे केलेल्या मागण्यांत दर सहा महिन्यांना वीस हजार डॉलर 'सुरक्षेसाठी' द्यावेत आणि महिलांना कामावरून काढावं, असं होतं. संस्थेची माणसं त्याआधी मारली गेली होती. ५ जानेवारी २०१० रोजी अन्न कार्यक्रमाने दक्षिणेतल्या मोठ्या भागातलं काम थांबवलं. त्याची झळ सुमारे दहा लाख लोकांना बसणार होती. फेब्रुवारीच्या अखेरीस अल-शबाबने स्वतःच त्यांच्यावर बंदी घातली. फुकटच्या धान्याने स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडतो, हे एक कारण त्यांनी पुढे केलं. गंमत म्हणजे या तक्रारीत थोडं तथ्यही होतं; सुगीच्या तोंडावर आयात धान्य वाटलं की काय होतं, हे कुठल्याही ज्वारी पिकवणाऱ्याला विचारावं.

मार्च २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच देखरेख गटाचा अहवाल आला. सोमालियात जाणाऱ्या अन्न मदतीपैकी निम्म्यापर्यंत माल वाटेत गळतो, असा त्याचा अंदाज होता: सुमारे ३० टक्के स्थानिक भागीदार, १० टक्के वाहतूकदार आणि ५ ते १० टक्के त्या भागावर ताबा असलेली सशस्त्र टोळी. अन्न कार्यक्रमाने हे आकडे नाकारले, पण अहवालात नाव आलेल्या ठेकेदारांशी नवे करार थांबवले.

या आकड्यांकडे परत एकदा बघा. गळती मोठी होती, पण तिचा मोठा हिस्सा व्यापारी आणि मध्यस्थांच्या खिशात जात होता. वर्तमानपत्रांत आणि संसदांत गाजलं ते मात्र 'मदत दहशतवाद्यांच्या घशात'. रेशनचं धान्य काळ्या बाजारात जातं हे आपल्याला माहीत असतं. म्हणून रेशन बंद करा, असं कुणी म्हणत नाही. इथे गळणाऱ्या पोत्यांतलं एखादं जरी अल-शबाबच्या गोदामात गेलं तरी तो चोरीचा प्रश्न न राहता देशद्रोहाच्या जवळ जाणारा गुन्हा ठरत होता. त्यामुळे गळती कमी करण्यापेक्षा नळच बंद करणं सोपं वाटू लागलं.

समोर असलेले पर्याय

देणगीदार सरकारांपुढे, म्हणजे प्रामुख्याने सर्वांत मोठा देणगीदार असलेल्या अमेरिकेपुढे, २००९ ते २०११ या काळात ढोबळमानाने चार रस्ते होते.

पहिला, आहे तसं चालू ठेवायचं, गळती गृहीत धरायची. राजकीयदृष्ट्या हा कुणालाच पेलणारा नव्हता.

दुसरा, सवलत द्यायची. परवाना काढून सांगायचं की प्रामाणिकपणे काम करताना नाक्यावर काही द्यावं लागलं तर संस्थेवर खटला भरणार नाही. याला आधारही मिळाला होता. १९ मार्च २०१० रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १९१६ मंजूर करून सोमालियावरच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सूट दिली. पण ती संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांपुरती. अमेरिकेचा फौजदारी कायदा वेगळा, आणि एप्रिल २०१० मध्ये सोमालियासाठी निघालेला अमेरिकी अध्यक्षीय आदेशही वेगळा. एका हाताने मोकळं केलं, दुसऱ्याने आवळलं.

तिसरा, संस्थांकडून कडक हमीपत्रं लिहून घ्यायची: आमच्याकडून एकही पैसा अल-शबाबला जाणार नाही. कागदावर हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. प्रत्यक्षात दक्षिणेतल्या बैदोआ शहराच्या रस्त्यावर काम करणारा कुठलाही प्रामाणिक माणूस त्यावर सही करू शकत नव्हता. आणि जो बेधडक करील त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

चौथा, धान्याऐवजी रोख पैसे. सोमालियात बाजार जिवंत होता. व्यापारी अल-शबाबच्या मुलखातही धान्य नेत होते, कारण त्यांना नाक्यावरचं गणित जमत होतं. लोकांच्या हातात पैसे नव्हते एवढंच. पैसे पोहोचवायला हवाला होता. आपल्याकडे हवाला म्हटलं की काळा पैसा डोळ्यांपुढे येतो. सोमालियात बँकाच नव्हत्या, तिथे हवाला हीच बँक. परदेशातला भाऊ पैसे पाठवतो आणि गावातला दुकानदार त्याच दिवशी ते आईच्या हातावर ठेवतो. पण रोख म्हणजे पोत्यापेक्षाही सहज दहशतवाद्यांकडे जाईल, अशी धास्ती देणगीदारांना होती.

काय झालं

उघड असा निर्णय कुणी घेतलाच नाही, हे या प्रकरणाचं मर्म. 'सोमालियाची मदत बंद' असा आदेश निघाला नाही. २००९ मध्ये अटींवरून चर्चा लांबत गेल्या, मंजुऱ्या अडकल्या, वकिलांची मतं मागवली गेली, संस्थांनी आपणहून दक्षिणेतले प्रस्ताव मागे घेतले. खटला एकाही मोठ्या मदत संस्थेवर झाला नाही. भीतीनेच काम केलं. २००८ ते २०१० या दोन वर्षांत अमेरिकेची सोमालियाला जाणारी मानवतावादी मदत सुमारे ८८ टक्क्यांनी घटली. हात आखडता घेतला, पण कुठल्या दिवशी घेतला ते कुणाला सांगता येत नाही.

दरम्यान आभाळ आपलं काम करत होतं. ऑगस्ट २०१० पासून दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा सांगत होती की ला निनामुळे पाऊस हुकणार आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचा 'देर' पाऊस हुकला. मग एप्रिल ते जूनचा मुख्य पाऊसही हुकला. बे हा प्रदेश सोमालियाचं ज्वारीचं कोठार. तिथे तांबड्या ज्वारीचा भाव वर्षभरात तिपटीच्या आसपास गेला. जनावरं मेली, मजुरी मिळेना. सगळ्यांत आधी कोसळले ते नदीकाठचे शेतकरी आणि राहनवेन कुळातले शेतीवर जगणारे लोक. टोळ्यांच्या उतरंडीत ते खालचे. शिवाय त्यांचं मिनियापोलिस किंवा लंडनमध्ये पैसे पाठवणारं फारसं कुणी नव्हतं. अवर्षण सगळ्यांवर सारखं आलं, मरण मात्र उतरंड बघून आलं.

लोक चालत निघाले. केनियातल्या दादाब छावणीत रोज हजाराहून अधिक माणसं येऊ लागली. जुलैच्या सुरुवातीला अल-शबाबने परदेशी संस्थांवरची बंदी उठवल्याचं सांगितलं, आणि दुष्काळ जाहीर झाल्यावर दोन दिवसांतच त्यांच्या प्रवक्त्याने शब्द फिरवला: बंदी कायम आहे आणि दुष्काळ हा निव्वळ प्रचार आहे. पळून जाणाऱ्यांना काही ठिकाणी वाटेत अडवण्यात आलं. जबाबदारीची वाटणी करताना हा भाग कुठेही लहान करता येणार नाही.

२ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की सरकारी पैशातून काम करणाऱ्या संस्थांना परवाना दिला आहे. सद्भावनेने काम करताना अल-शबाबच्या हाती चुकून काही गेलं तर कारवाई होणार नाही. पाठोपाठ अमेरिकी अर्थखात्याने खासगी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांनाही कळवलं की असे अपघाती फायदे हे कारवाईचं लक्ष्य नाहीत. बैल गेला आणि झोपा केला. कायद्याची एक ओळही बदललेली नव्हती. जी सवलत ऑगस्टमध्ये काही दिवसांत देता आली ती जानेवारीतही देता आली असती.

त्यानंतर पैशांचा ओघ सुरू झाला. तुर्कस्तानचे पंतप्रधान १९ ऑगस्टला सहकुटुंब मोगादिशूला गेले, आणि आखातातून, इस्लामी देशांतून मदत आली. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रोखीचा पर्याय अखेर मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. काही संस्थांनी हवाला कंपन्यांमार्फत थेट कुटुंबांना पैसे दिले आणि व्यापाऱ्यांनी धान्य आणलं. भीती होती तेवढी गळती झाली नाही. गळती झालीच नाही असं नव्हे. मदतीच्या यादीत कुणाचं नाव घालायचं हे ठरवणारे गावचे दांडगे तिथेही होतेच.

पण यंत्रणेचा एक हात सैल होत असताना दुसरा आवळत होता. ऑक्टोबर २०११ मध्ये मिनेसोटात सोमाली वंशाच्या दोन महिलांना अल-शबाबला सुमारे आठ हजार डॉलर पाठवल्याबद्दल दोषी ठरवण्यात आलं. त्याचा धसका घेऊन तिथल्या हवाला दुकानांची खाती सांभाळणाऱ्या बँकेने डिसेंबरअखेर ती बंद केली. दुष्काळ अजून संपलेला नव्हता. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सोमाली वस्तीला घरी पैसे धाडायची मुख्य वाट त्याच वेळी बुजली. सरकारने बँकेला हे करायला सांगितलं नव्हतं. इथेही भीतीनेच काम केलं.

निकाल

३ फेब्रुवारी २०१२ रोजी दुष्काळ संपल्याचं जाहीर झालं. मे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हिशेब मांडला: ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात दक्षिण आणि मध्य सोमालियात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं एरवीपेक्षा जास्त मेली. त्यांतली १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालची मुलं होती. त्या भागातल्या पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांमागे एक. मृत्यूंचं प्रमाण शिगेला पोहोचलं ते मे ते ऑगस्ट २०११ मध्ये, म्हणजे परवाना निघेपर्यंत बरंचसं घडून गेलं होतं.

आणि ज्यासाठी नळ बंद केला, त्याचं काय झालं? संयुक्त राष्ट्रांच्या देखरेख गटाने २०११ मध्ये अल-शबाबचं वार्षिक उत्पन्न ७ ते १० कोटी डॉलर असावं असा अंदाज दिला. त्यात मोठा वाटा बंदरांचा होता. किसमायो बंदरातून लोणारी कोळसा आखातात जायचा, साखर आत यायची आणि दोन्हीवर कर लागायचा. त्या कोळशावर सुरक्षा परिषदेने बंदी घातली फेब्रुवारी २०१२ मध्ये. संघटनेची मुख्य मिळकत चार वर्षं जवळपास शाबूत राहिली आणि तिच्या मिळकतीतल्या किरकोळ वाट्यावर सगळी शक्ती खर्च झाली, असा निष्कर्ष मला तरी टाळता येत नाही.

अल-शबाब ऑगस्ट २०११ मध्ये मोगादिशूतून मागे हटली. त्यामागे आफ्रिकी संघाचा सैनिकी दबाव होता; शिवाय दुष्काळात लोकांना अडवून ठेवल्याने तिची पतही गेली. नोव्हेंबरमध्ये तिने आणखी सोळा संस्थांना हाकललं. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिने अल-कायदाशी अधिकृत नातं जाहीर केलं आणि सप्टेंबर २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये हल्ला केला. मदत रोखल्याने ती दुबळी झाली, असं दाखवणारं काही मला सापडलेलं नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

मार्च २०१० हा पहिला टप्पा. सुरक्षा परिषदेने सूट दिली त्याच महिन्यात अमेरिकेने जोडीला तसाच परवाना काढला असता, तर पुढचं दीड वर्ष वाचलं असतं. तेव्हा दुष्काळ नव्हता, त्यामुळे घाई नव्हती, हे स्पष्टीकरण मिळतं. पण अशी सूट शांत काळातच द्यायची असते. आपल्याकडे टँकरचे आणि चारा छावण्यांचे नियम ऐन मे महिन्यात लिहायला घेतले तर काय होतं ते बीड-धाराशिवकडच्या वाचकांना सांगायला नको.

दुसरा टप्पा जानेवारी २०११. 'देर' पाऊस हुकल्याचं स्पष्ट झालं होतं आणि भाव चढत होते. त्या वेळी देणगीदारांच्या टेबलावर दोन प्रकारची माहिती होती. अल-शबाबकडे किती जाऊ शकेल याचे टक्के होते. मदत न गेल्यास किती मरतील, याचा आकडा मात्र कुणी कुणाकडे अधिकृतपणे मागितलाच नाही. तो मागितला असता आणि दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी आले असते, तर निर्णय न घेणं हाही एक निर्णय आहे हे निदान नोंदलं गेलं असतं.

पुढे काही बदललंही. २०१७ मध्ये सोमालियावर पुन्हा तसंच संकट आलं तेव्हा पैसे लवकर आले, रोखीची मदत सुरुवातीपासून होती आणि दुष्काळ टळला. ९ डिसेंबर २०२२ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव २६६४ मंजूर केला: संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्ता गोठवण्याच्या सर्व निर्बंधांतून मानवतावादी कामाला सूट. पंधरापैकी चौदा मतं बाजूने पडली. एक देश तटस्थ राहिला. तो देश भारत.

मुंबईत बसून हे वाचणाऱ्याला भारताचं कारण परकं वाटणार नाही. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपानंतर मुझफ्फराबादेत मदतीला सर्वांत आधी पोहोचलेल्यांत जमात-उद-दावा होती. ती लष्कर-ए-तोयबाचाच मुखवटा. छावण्या, ॲम्ब्युलन्स, ब्लँकेटं. तीन वर्षांनी २६/११ झालं, १६६ माणसं गेली, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी संयुक्त राष्ट्रांनी जमातला यादीत टाकलं. आमच्या शेजारात दहशतवादी संघटना मदत संस्थांचं सोंग घेऊन सुटका करून घेतात, असं भारताच्या प्रतिनिधींनी २०२२ मध्ये सांगितलं ते या अनुभवावरून.

तरी दोन्ही प्रकरणं एक नाहीत. जमातच्या बाबतीत दहशतवादी स्वतः मदत वाटत होते आणि तिच्यातून पत कमावत होते. सोमालियात दुसरे लोक मदत वाटत होते आणि दहशतवादी नाक्यावर बसून तिच्यातला हिस्सा कापत होते. पहिल्याला रोखायला यादी पुरते. दुसऱ्याला तीच यादी लावली की कापणाऱ्याच्या आधी खाणारा मरतो. भारताने सूट देताना या दोन परिस्थितींत फरक करणारी भाषा सुचवली असती, तर तटस्थ राहण्यापेक्षा ते जास्त उपयोगी ठरलं असतं, असं माझं मत आहे.

ठराव २६६४ नंतर अमेरिकेच्या अर्थखात्यानेही त्याच महिन्यात आपल्या निर्बंधांत तशी सर्वसाधारण सूट घातली. भौतिक साहाय्याचा फौजदारी कायदा मात्र निर्बंधांहून वेगळा आहे. त्याच्या व्याख्येतून वगळलेल्या गोष्टी अजून दोनच आहेत: औषधं आणि धार्मिक साहित्य.